काटकोन तेवढा सारखा होता

रॅम्पच्या उद्घाटनाला जरा चांगली साडी नेसून या, असं सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला फोनवर सांगितलं. फोटो काढायचे होते. मी नेसले, कारण मला खरंच आनंद झाला होता. वर्षभर मी त्या रॅम्पची वाट बघत होते.

मला लहानपणी पोलिओ झाला. दोन्ही पायांना कॅलिपर आणि काखेत कुबड्या घेऊन मी शिकले, लग्न केलं आणि पंचवीसएक वर्षं शाळेत नववी-दहावीला भूमिती शिकवली. पन्नाशीत दगा दिला तो पायांनी नाही, खांद्यांनी. डॉक्टर म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही खांद्यांकडून पायांचं काम करून घेतलंत. आता त्यांना सोडा." म्हणून चाकाची खुर्ची आली, शाळा सुटली, आणि मी घरीच दहावीच्या मुलांची शिकवणी घ्यायला लागले.

आमची इमारत मुलुंड पूर्वेची, जुनी. लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत पोचायला तीन पायऱ्या. कुबड्यांवर मी त्या चढायचे, रोज चढायचे, कुणाला काही वाटू न देता चढायचे. खुर्ची आल्यावर त्याच तीन पायऱ्यांनी मला घरात कोंडलं. नवरा सकाळी ऑफिसला गेला की तो संध्याकाळी येईपर्यंत मी दुसऱ्या मजल्यावर. भाजी, बँक, डॉक्टर, सगळं त्याच्या वेळेवर. मी कमिटीला अर्ज केला, आठवण केली, परत आठवण केली. शेवटी इमारतीची दुरुस्ती निघाली तेव्हा दोन्ही विंगला रॅम्प मंजूर झाले.

बी विंगचा आधी झाला. तिथे बागेच्या कडेने भरपूर जागा होती. उंची दीड फूट, लांबी अठरा फूट. म्हणजे एक फूट वर जायला बारा फूट लांबी, जशी असायला हवी तशी. काम संपल्यावर एका संध्याकाळी मी नवऱ्याला लांब उभं राहायला सांगितलं आणि एकटी चढले. दुखऱ्या खांद्यांनी, थांबत थांबत, पण एकटी. वर पोचल्यावर दुसऱ्याच विंगच्या लिफ्टसमोर उगाचच जरा वेळ बसून राहिले. तिथल्या एका बाईंनी विचारलं, "कुणाकडे आलात?" मी म्हटलं, "कुणाकडेच नाही."

आमच्या ए विंगच्या रॅम्पवर उद्घाटनापर्यंत ताडपत्री होती. आमच्या दारासमोर गाड्या लागतात आणि पहिली जागा चेअरमनची. त्या दिवशी ताडपत्री काढलेली, झेंडूचे हार बांधलेले, नारळ तयार. मी लिफ्टमधून बाहेर आले, नवऱ्याने नेहमीसारखं मागे वळवून, चाकं एकेका पायरीवरून उतरवत मला खाली नेलं, आणि मी वळून बघितलं. बघताक्षणी कळलं. इतकी वर्षं फळ्यावर त्रिकोण काढलेल्या बाईला कोनमापक लागत नाही. उंची तीच दीड फूट. लांबी नऊ. चेअरमनची गाडी जिथे सुरू होते तिथे रॅम्प संपत होता.

चेअरमन बोलले. सोसायटी म्हणजे एक कुटुंब वगैरे. मग म्हणाले, "मॅडम, या. पहिला मान तुमचा."

सगळ्यांनी मोबाइल वर धरले. मी नवऱ्याकडे बघितलं, त्याने हळूच मान हलवली, नको म्हणून. पण एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणायचं? मी चाकं लोटली. निम्म्यावर आले आणि पुढची छोटी चाकं जमिनीवरून उचलली गेली. खुर्ची मागे कलली. मला आकाश दिसलं, खरंच आकाश. नवऱ्याचे दोन्ही हात मागून आले म्हणून डोकं फुटलं नाही. त्याने तसंच जोर लावून मला वर ढकललं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी "झकास!" म्हणून ओरडलं.

संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला. भीतीने माझा आ वासलेला. खाली लिहिलं होतं, "मॅडमच्या चेहऱ्यावरचा हा आनंद हीच आमच्या कामाची पावती." त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने मला खाली नेलं आणि मी सेक्रेटरींना रॅम्पपाशी बोलावलं. ते कंत्राटदारालाच घेऊन आले.

"मॅडम, दोन्ही रॅम्प सेम आहेत," सेक्रेटरी म्हणाले. "इथे जागा नाही म्हणून जरा छोटा केला, इतकंच."

"उंची छोटी केलीत का?"

"उंची कशी छोटी होणार? पायऱ्या तेवढ्याच आहेत ना."

"मग हा छोटा नाही झाला. हा उभा झाला."

कंत्राटदार हसला. "टेन्शन नका घेऊ मॅडम. गुण्या लावून बघा. भिंतीला नाइंटी म्हणजे नाइंटी. बी विंगला पण नाइंटी, इथे पण नाइंटी. एकच डिझाइन."

काटकोन सारखा म्हणजे आकार सारखा! हे वाक्य मी आयुष्यभर खोडत आले होते. दर वर्षी, दर वर्गात, लाल पेनने. आणि आता त्याच वाक्याचं काँक्रीट करून त्यांनी माझ्या दारात ओतलं होतं.

त्याच आठवड्यात शिकवणीला समरूपता चालू होती. एका मुलीने विचारलं, "टीचर, काटकोन त्रिकोण सगळे समरूपच असतात ना? एक कोन तर सारखाच असतो." एरवी मी हसून समजावते. त्या दिवशी मी एवढ्या जोरात "नाही!" म्हटलं की पोरगी दचकली. मलाच कसंतरी झालं. मग सगळ्यांना म्हटलं, कंपासपेट्या उघडा, दोन्ही गुण्ये काढा.

दोन्ही गुण्यांना काटकोन असतो. मी सांगितलं, काटकोनावर काटकोन ठेवा. ठेवले. आता बाकीचे कोन बघा. एकाचे पंचेचाळीस-पंचेचाळीस, दुसऱ्याचे तीस आणि साठ. कसेही फिरवा, उलटे करा, एकाची तिरकी कड दुसऱ्याच्या तिरक्या कडेला समांतर बसत नाही. मग मी माझा शाळेतला मोठा लाकडी गुण्या काढला, फळ्यावर वापरायचा, पंचेचाळीसचा, आणि त्यांचा छोटा पंचेचाळीसचा त्याच्या कोपऱ्यात ठेवला. तो बसला. हे दोघे समरूप. एक मोठा, एक लहान, पण आकार तोच.

"समभुज असते तर प्रश्नच नव्हता," मी म्हटलं. "समभुजाचे तिन्ही कोन साठच असणार, दुसरा पर्यायच नाही. म्हणून जगातले सगळे समभुज त्रिकोण एकमेकांना समरूप. समद्विभुजांचं तसं नाही. एखादा मंदिराच्या कळसासारखा निमुळता असेल, एखादा कौलारू छपरासारखा पसरट. दोन बाजू सारख्या आहेत म्हणून कळस आणि छप्पर एक होत नाहीत. वरचा कोन जुळला तरच. आणि काटकोन त्रिकोणात नव्वद तर ठरलेलेच आहेत. उरलेले नव्वद बाकीच्या दोन कोनांत कसे वाटले जातात, तिथे सगळं ठरतं. आणखी एक कोन जुळला की कोन-कोन, म्हणजे कोको कसोटी पूर्ण. नाही जुळला तर नाही."

त्या मुलीने हळूच विचारलं, "आणि एक बाजू अर्धी केली तर?"

"एकच केलीस तर आकार मोडला. करायच्या तर सगळ्या बाजू अर्ध्या कर."

ती वहीत लिहीत होती आणि माझ्या डोक्यात खालचा रॅम्प होता. लांबी अर्धी, उंची तीच. कोन जवळजवळ दुप्पट.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "जाऊ दे ना गं. भांडून काय होणार? मी आहे ना ढकलायला."

"तू ऑफिसला जातोस तेव्हा?"

"तेव्हा तू घरीच असतेस ना."

तो चांगला माणूस आहे. कॉलेजपासून ओळखते मी त्याला. माझ्या कुबड्या त्याने कधी कौतुकाने उचलल्या नाहीत की दयेने, म्हणून तर लग्न केलं. आणि तोच माणूस मला हे म्हणत होता. मी ताट सरकवलं.

"मी घरी असते कारण तू नसतोस, हे तुझ्या लक्षात येतंय का रे? मला तो रॅम्प तुझ्यासाठी नकोय. तू नसताना मला खाली जायचंय. साधी कोथिंबीर आणायला."

त्याने माझं ताट परत माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाला, "मीटिंगला तू बोल. मी शेजारी बसतो. मधे बोलणार नाही."

मीटिंग नेहमी गच्चीवर असते. गच्चीला लिफ्ट जात नाही. मला सांगण्यात आलं की मॅडमचं म्हणणं आम्ही मांडू. मी म्हटलं, माझं म्हणणं मी मांडेन, खाली या. कुरकुर करत मंडळी खाली कंपाउंडमध्ये आली, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. मी पुठ्ठ्याचे तीन त्रिकोण कापून नेले होते. पहिला बी विंगचा रॅम्प. दुसरा आमचा, त्याच स्केलने. मी दुसऱ्याचं टोक पहिल्याच्या टोकावर ठेवून दाखवलं. तळ जुळला, पण वरची कड कुठल्या कुठे उचलली गेली.

"आता तिसरा बघा," मी म्हटलं. "याची लांबीही अर्धी आणि उंचीही अर्धी. बी विंगचा खरा छोटा रॅम्प हा. तुम्ही 'छोटा केला' म्हणता ना, तो असा दिसला असता. आणि असा बांधला असतात तर दुसरी पायरी चढता चढता अधांतरी संपला असता."

लोक हसले. मला वाटलं, पटलं. पण ते तिसऱ्या त्रिकोणाला हसले नव्हते, मला हसले होते.

"मॅडम, ही शाळा नाहीये," चेअरमन म्हणाले.

"शाळेत शिकला असतात तर मला हे त्रिकोण आणावे लागले नसते."

झालं. वातावरण तापलं. एक गृहस्थ म्हणाले, एका माणसासाठी पार्किंग घालवायचं का? दुसरे म्हणाले, वॉचमनला सांगून ठेवू, तो धरेल. तिसऱ्या मजल्यावरच्या एक बाई, ज्यांच्या मुलाला मी फुकट गणित शिकवलं होतं, त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्यासाठी एवढं केलं तर आभार मानायचे, की चुका काढायच्या?"

मी नवऱ्याकडे बघितलं नाही. त्याने शब्द पाळला.

"मला कुणी धरायला नकोय," मी म्हटलं. "धरण्यासाठी माणूस लागणार असेल तर पायऱ्या काय वाईट होत्या?"

हात वर करून मत घेतलं. रॅम्प आहे तसा ठेवायचा ठरला. माझ्या बाजूने मी, नवरा आणि तळमजल्यावरचे एक निवृत्त पोस्टमास्तर. बस. चहा आला. मला चहा देणाऱ्याने माझ्याकडे न बघता नवऱ्याला विचारलं, "साखर चालते का त्यांना?"

त्यानंतर मी ग्रुप सोडला, उद्घाटनाच्या फोटोसकट. रॅम्पवर कुणाची तरी कुंडी आली, मग कुणाची सायकल. मी घरात. शिकवणीची मुलं यायची तेवढंच बाहेरचं जग. राग असा होता की भाजी चिरताना सुरी लाकडी पाटात रुतायची.

मग चेअरमनच्या आईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कोकणातल्या गावाहून त्यांना मुद्दाम इथे आणलं होतं. हॉस्पिटलमधून त्या भाड्याच्या खुर्चीवर घरी आल्या तेव्हा मी खिडकीतच होते. चेअरमननी सायकल बाजूला केली, कुंडी सरकवली आणि आईला रॅम्पवर चढवायला लागले. भारी अंगाच्या बाई. निम्म्यावर खुर्ची थांबली, मग मागे यायला लागली. चेअरमनचा बूट टाइलवर घसरला. बाई किंचाळल्या. वॉचमन धावला, कोणीतरी बाजूने पकडलं, आणि शेवटी चार माणसांनी खुर्चीसकट त्यांना उचलून वर ठेवलं.

मला आनंद झाला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण अशा वेळी आमच्यासारख्यांना आनंदच होत असणार, असं लोक गृहीत धरतात. मला त्या किंकाळीने माझंच आकाश आठवलं.

दोन दिवसांनी बेल वाजली. दारात चेअरमन. चपला बाहेर काढून आत आले, खुर्चीच्या कडेवर बसले.

"मॅडम, ते तुमचे त्रिकोण... एकदा परत दाखवाल?"

"का?"

"आईला आठवड्यातून तीनदा फिजिओला न्यायचंय. जमत नाहीये."

"त्या दिवशी मीटिंगमध्ये तुम्हाला कळलं नव्हतं?"

ते रुमालाने कपाळ पुसत राहिले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, आणि तो प्रामाणिकपणाच मला जास्त लागला, "कळलं होतं हो थोडं. पण वाटलं, तुमचं काय, तुम्हाला सवय असते."

सवय! चाळीस वर्षं कुबड्यांनी काखेत घट्टे पडले, त्याला हा माणूस सवय म्हणत होता. माझ्या ओठांवर आलं होतं, निघा. नवरा घरात नव्हता, असता तर त्याने यांना नक्की बाहेर काढलं असतं. पण माझ्या डोळ्यांसमोर ती भारी अंगाची म्हातारी होती, निम्म्यावरून मागे येणारी. आणि, का खोटं बोला, मलाही खाली जायचं होतं.

मी पुठ्ठे आणले. पण या वेळी फक्त तिसरा, अर्ध्या लांबीचा आणि अर्ध्या उंचीचा. त्याच्यासारखाच आणखी एक कापला.

"तुमची गाडी हलवायची नाही ना? ठीक. मग एकच लांब रॅम्प होणार नाही. असे दोन करा. पहिला नऊ फूट जाऊन निम्म्या उंचीवर पोचेल. तिथे सपाट ओटा घाला, खुर्ची वळेल एवढा. मग दुसरा उलट्या दिशेने, परत नऊ फूट, दारापर्यंत. दोन्हींचा कोन बी विंगच्या रॅम्पइतकाच राहतो, कारण दोन्ही त्याला समरूप आहेत. तुमच्या भाषेत, हा खरा छोटा."

"जागा?"

"शेजारी स्कूटर लागतात तिथे."

"स्कूटर कुठे लावायच्या?"

"ते तुम्ही ठरवा. मी त्रिकोण शिकवते, पार्किंग नाही."

त्यांनी दोन्ही पुठ्ठे उचलले, एकमेकांशेजारी उलटसुलट लावून बघितले, परत बघितले. "हे आधी सांगितलं असतंत..." एवढं म्हणाले आणि माझा चेहरा बघून थांबले.

या वेळी मीटिंग झाली नाही, मत घेतलं नाही. स्कूटर मागच्या भिंतीकडे गेल्या, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तोच कंत्राटदार आला. त्याने खालच्या पायरीशी दोरी ताणली आणि मला वर बघून हाक मारली, "मॅडम, चेक करता का?" मी खिडकीतून सांगितलं, तळ मोज, उंची मोज, बारास एक. नुसता गुण्या लावू नकोस. त्याने मुकाट्याने मोजलं. सिमेंट वाळेपर्यंत मी कुणालाही त्यावर पाय ठेवू दिला नाही, खिडकीतून ओरडत होते.

काम संपल्यावर नोटीस बोर्डावर कागद लागला की चेअरमनसाहेबांच्या पुढाकाराने ज्येष्ठ नागरिकांसाठी सुधारित रॅम्प उपलब्ध. ज्येष्ठ नागरिकांसाठी. नवऱ्याने तो वाचून मला सांगितला आणि म्हणाला, "फाडू का?" मी म्हटलं, "राहू दे. वाचायला मी रोज खाली जाणारच आहे."

पहिल्या सकाळी तो ऑफिसला गेला आणि तासाभराने मी एकटी लिफ्टमधून उतरून वरच्या उतारावर आले. मधल्या ओट्यावर चेअरमनच्या आई खुर्चीत बसल्या होत्या, फिजिओला जायला रिक्षा येईपर्यंत. चेअरमन मागे उभे. मला बघून बाईंनी हसून विचारलं, "काय गो, तुका कधी बघूक नाय मी. हंयच रवतंस?"

"हो मावशी. दुसऱ्या मजल्यावर."

"मगे इतके दिवस खंय होतंस?"

चेअरमन घाईने म्हणाले, "आई, त्या मॅडम जरा..."

"घरात होते," मी म्हटलं. "जुन्या रॅम्पवरून मला येता येत नव्हतं. तुमच्या मुलाला सांगितलं होतं मी, सगळ्यांसमोर सांगितलं होतं."

बाईंनी मान वळवून मुलाकडे बघितलं. पन्नाशीचा माणूस, पण नजर खाली गेली. "खरा काय रे?" त्यांनी विचारलं. तो खुर्ची पुढे लोटायला लागला. रिक्षा आली होती, पण बाई खुर्ची हलवू देईनात. "आधी सांग माका," त्या म्हणाल्या, "खरा काय ता."

मी त्यांच्याकडे वाट मागितली, त्यांनी पाय आत घेतले, आणि मी त्यांच्या बाजूने वळून खालच्या उतारावरून गेले. ब्रेक न दाबता, खुर्ची माझ्या हातात. मागून आईचा आवाज चढत होता. मी थांबले नाही. थांबले असते तर मलाही बोलावं लागलं असतं, आणि माझं बोलणं एवढ्यात संपणारं नव्हतं. बाजारात गेले, कोथिंबीर घेतली, हवी नव्हती तरी दोन जुड्या घेतल्या. भाजीवालीने विचारलं, "लई दिसांनी बाई? गावाला गेलत्या काय?" मी म्हटलं, "नाही गं. घरीच होते." आणि सांगायला लागले तिला सगळं, पहिल्यापासून.